शिडावरच्या सात गाठी: मिळून केलेल्या कामातून एकाने आपला भाग परत मागितला तर?

किनारवेडी

नमस्कार मंडळी. बेटावर किंवा किनाऱ्यावरच्या वस्तीत तिथल्या लोकांबरोबर मिळून कलाकृती केलेलं कोणी इथे असेल, तर मला सल्ला हवा आहे. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावते. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही. का, ते पुढे लक्षात येईल.

मी सुईदोऱ्याने काम करते. गेल्या वर्षी आम्ही चौघं एका छोट्या बेटावर दहा आठवडे राहिलो: मी, आवाज मुद्रित करणारा एक मित्र, एक वास्तुरचनाकार आणि एक छायाचित्रकार. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागेत माणसं कशी राहतात, ते त्यांच्याबरोबर बसून मांडायचं असं ठरलं होतं. पहिले दोन आठवडे आम्ही घरं मोजली, वाटा काढल्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मुद्रित केल्या. मग तिथल्या शाळेच्या बाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "तुम्ही सगळं जमिनीवरचंच विचारताय. आमचं अर्धं आयुष्य पाण्यावर जातं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही."

कापड सुचलं ते त्यातून. एका होडीचं जुनं शीड मिळालं, सहा मीटर लांबीचं, ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. इतकं जाड की माझ्या सुया वाकायच्या. शेवटी शीड शिवायची तीनधारी सुई आणि तळहातावर बांधायचं चामडं तिथल्याच एका घरातून आलं. शाळेच्या व्हरांड्यात शीड पसरलं, मी खडूने बेटाची कड काढायला घेतली आणि तिथेच अडले. एक मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ही रेघ कुठल्या वेळची?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग चौघी-पाचजणींनी मिळून समजावलं. उधाणाच्या भरतीला पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागतं, आणि त्याच दिवशीच्या ओहोटीला एवढी जमीन उघडी पडते की बेट जवळपास दीडपट होतं. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. मग बेटाची कड म्हणायची कशाला? शेवटी आम्ही तीन रेघा शिवल्या: उधाणाच्या भरतीची निळ्या दोऱ्याने, भांगाची करड्या आणि उधाणाच्या ओहोटीची लाल. निळ्या आणि लाल रेघेमधली पट्टी भरायला बायकाच पुढे झाल्या, कारण त्यांचं रोजचं काम त्याच पट्टीत चालतं. शिंपले कुठे वेचायचे, पाय कुठे रुततो, पाणी वळलं की कुठून मागे फिरायचं, सगळं त्यांनी टाक्यांत आणलं. माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वांत जिवंत भाग तोच आहे. एकूण 31 जणांचे हात त्या शिडाला लागले.

शेवटच्या आठवड्यात एक काका आले. तोवर ते रोज लांबूनच बघून जायचे. त्यांनी डांबर लावलेली सुतळी आणली होती. कोणाशी न बोलता बसले आणि पाण्याच्या भागात सात गाठी मारल्या. प्रत्येक गाठीपासून जमिनीकडे दोन-दोन बारीक टाके ओढले. मी विचारलं तेव्हा त्यांनी चौथ्या गाठीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की इथे होडी न्यायची असेल तर पाण्याच्या टाकीचं टोक आणि दुभंगलेला खडक एका रेषेत आणायचे. दुसऱ्या बाजूला दिव्याचा खांब शाळेच्या छपराच्या कोपऱ्याला टेकला की थांबायचं. तिथे खाली बुडालेला खडक आहे आणि खडकाला मासे धरून असतात. सातपैकी पाच जागा त्यांना वडिलांनी दाखवल्या होत्या, दोन त्यांनी स्वतः शोधल्या. मी भारावून गेले होते. हे दुसऱ्यांनी पाहिलेलं चालेल ना, एवढा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही.

शीड पलीकडच्या शहरात एका कलादालनात लागलं. त्याचं मोठं छायाचित्र पुस्तिकेत छापलं, संकेतस्थळावर टाकलं. दोन महिन्यांपूर्वी काकांचा फोन आला. सातपैकी दोन जागांवर अनोळखी होड्या येऊ लागल्या आहेत. ते रागावले नव्हते, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "पोरी, चूक तुझ्या एकटीची नाही. शिवलं मी. आता उसवायलाही मलाच दे."

मी लगेच हो म्हणणार होते. पण ज्या मावशींनी रेघेचा प्रश्न विचारला होता, त्यांचा भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्याची शेवटची वाट त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने शिवली आहे आणि काकांना विचारून तो दोरा त्यांच्या दोन गाठींना बांधून घेतला आहे. गाठी काढल्या की तो दोरा सुटणार. मावशी म्हणतात, "गाठी त्यांच्या आहेत, मान्य. पण माझा दोरा तिथे अडकलाय."

त्यात भर म्हणजे एका संग्रहालयाला हे शीड विकत हवं आहे, पण प्रदर्शनात होतं तसंच्या तसं. आमच्या चौघांतच दोन तट पडलेत. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या आहेत, बाईंनी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. कागद खरा आहे, पण मला त्या कागदाआड लपायचं नाही.

उसवायचं का? आणि ते ठरवायचं कोणी?

रेघोट्या

किनारवेडी, तुमची तगमग कळते. तरी मी वेगळं सांगणार आहे. मी कापडांच्या संग्रहात काम करतो, त्यामुळे माझी नजर वस्तूकडून माणसाकडे जाते, तेव्हा तेवढं गृहीत धरून वाचा.

छायाचित्र बाहेर गेलं आहे. आता गाठी उसवून ती माहिती परत येणार नाही. काकांचं जे नुकसान व्हायचं ते झालंय, आणि उसवण्याने मावशींचं नवं नुकसान होईल. एकाचं भरून निघत नाही आणि दुसरीचं निष्कारण तुटतं. शिवाय उरलेल्या 29 जणांनी हे शीड एकसंध म्हणून पाहिलं आहे. आज एकाने काढलं, उद्या दुसरा काढेल.

संकेतस्थळावरचं चित्र आजच्या आज उतरवा, पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती थांबवा. विक्रीच्या करारात त्या भागाचं छायाचित्र कुठेही छापू नये अशी अट घाला. संग्रहालयं अशा अटी मान्य करतात. शिडाला मात्र हात लावू नका.

जुनं वल्हं

रेघोट्या यांचं चित्र उतरवण्याबद्दलचं म्हणणं पटलं. बाकीचं नाही पटलं, आणि का ते नीट सांगतो, कारण मी तीस वर्षं लोकांबरोबर किनाऱ्यावर चित्रफिती करत आलो आहे आणि हाच पेच दोनदा भोगला आहे.

आमच्या कामाचं मूळ सांगायचं तर कॅनडातल्या फोगो बेटाकडे जावं लागतं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचं हे बेट. 1967 साली तिथल्या लोकांना बेट सोडून दुसरीकडे वसवण्याची भाषा सरकारदरबारी चालू होती. बेटावर विखुरलेल्या वाड्या, धर्मपंथ वेगळे, एका वाडीचं दुसऱ्या वाडीशी फारसं बोलणं नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडन यांनी तिथल्या लोकांबरोबर 27 छोटे चित्रपट केले. बहुतेकांत एकच माणूस किंवा एकच प्रसंग. कुठे कोणी मासेमारीचं गणित मांडतोय, कुठे लग्नातलं नाचगाणं आहे. मग ते एका वाडीतले चित्रपट दुसऱ्या वाडीत दाखवले. तोंडावर जे बोलणं होत नव्हतं ते पडद्यावरून ऐकलं गेलं. पुढे ते प्रांताच्या राजधानीत नेऊन सरकारातल्या लोकांना दाखवले आणि मंत्र्यांचं उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणलं. त्याच सुमारास तिथे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. बेट रिकामं झालं नाही, आजही तिथे माणसं राहतात. चित्रपटांमुळेच बेट वाचलं असं मी कधी म्हणणार नाही. लोकांची धडपड आधीपासून होती. पण बोलणं सुरू झालं ते या चित्रपटांतून, हे नक्की.

आता तुमच्याशी संबंध असलेली गोष्ट. त्या पद्धतीचा कणा असा होता की ज्याचं चित्रण केलं त्याने ते सगळ्यांच्या आधी पाहायचं आणि नको वाटलं तर काढायला लावायचं. बाहेर न्यायच्या आधी पुन्हा विचारायचं. शेजारच्या वाडीला दाखवायला हो म्हणणारा माणूस राजधानीत दाखवायला नाही म्हणू शकतो, आणि ते दोन्ही खरं असतं. तुमच्या संमतीपत्राने एकदाच विचारलं. काका शिवत होते तेव्हा समोर शाळेचा व्हरांडा होता, शेजारीपाजारी होते. त्यांनी होकार दिला तो त्या व्हरांड्याला. शहराला त्यांनी होकार दिलाच नव्हता, कारण ते शहर तेव्हा त्यांच्या समोर नव्हतं.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे आणि ते मला याहून जवळचं वाटतं. उत्तरेकडच्या अर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर योल्ङु लोक राहतात. 1996 साली त्यांच्या एका पवित्र जागी मासेमारांचा बेकायदा तळ सापडला आणि तिथे मगरीचं कापलेलं डोकं पडलेलं होतं. ती मगर त्यांच्या पूर्वजाचं रूप. त्यावर यिर्कला इथल्या आणि आसपासच्या 47 चित्रकारांनी मिळून झाडाच्या सालीवर 80 चित्रं रंगवली. प्रत्येकाने आपल्या कुळाचं पाणी रंगवलं: कुठे गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, कुठला प्रवाह कोणाचा, कुठला ढग कुठून उठतो. बाहेरच्याला ती सुंदर तिरप्या रेघांची चित्रं दिसतात. त्यांच्या दृष्टीने तो समुद्राचा सातबारा आहे. समुद्रावर आमचा हक्क आहे हे सांगण्यासाठीच ती काढली होती. पुढे ब्लू मड बे नावाने ओळखला जाणारा खटला सर्वोच्च पातळीवर गेला आणि 2008 साली तिथल्या उच्चतम न्यायालयाने निकाल दिला, की भरती-ओहोटीच्या मधल्या त्यांच्या जमिनीवर जे पाणी चढतं त्यात कोणी शिरायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. तुमची निळ्या आणि लाल रेघेमधली पट्टी आठवा. एका अख्ख्या किनाऱ्याचं भांडण त्या पट्टीवरून झालं.

या चित्रांत दाखवायचं किती आणि झाकायचं किती हे चित्रकारांनीच ठरवलं होतं. त्यांच्याकडे ज्ञानाचे थर असतात. वरचा सगळ्यांसाठी, आतला फक्त ज्यांना अधिकार आहे त्यांच्यासाठी. जगभर पाहिली जाणारी ती चित्रं आजही आपल्या आत काही राखून आहेत, आणि तरी ती अपुरी वाटत नाहीत. समुद्रावर जगणाऱ्यांच्या नकाशांत हे सगळीकडे दिसतं. मार्शल बेटांवरचे काड्या आणि कवड्या-शिंपल्यांचे नकाशे घ्या. लाटांची मोठी फुगवट बेटाला आपटून कशी वळते ते त्यात बांधलेलं असतं. ते बरोबर होडीत नेत नसत. किनाऱ्यावर बसून पाठ करायचे आणि मोकळ्या हाताने निघायचं. आणि ते शिकवले जायचे मोजक्या घराण्यांतच. आपल्याकडे कलाशाळेत नकाशा म्हणजे दाखवण्याची वस्तू असं डोक्यात बसवतात. पाण्यावरच्या माणसाला नकाशा म्हणजे सांभाळण्याची वस्तू.

म्हणून माझं उत्तर: काकांनी मागितलं आहे, तर त्यांना उसवू द्या. पण ते तुमच्या कार्यशाळेत किंवा कलादालनात नको. शीड बेटावर न्या. मावशी शेजारी असू देत. तुम्ही चौघांनी आधी काही ठरवू नका. उद्या दुसरा काढेल ही रेघोट्यांची भीती खरी आहे. काढू दे ना. ज्या कामातून कोणाला बाहेर पडता येत नाही ते मिळून केलेलं कसं म्हणायचं?

बेटकरी

मी बेटावर जन्मले, वाढले, आणि आता शहरात राहते. इथे कधी लिहीत नाही. आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

काका रागावले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तुमच्याकडे बघून त्यांनी राग गिळला असेल. माझ्या घरी माशांची जागा सख्ख्या भावाला सांगायची का, यावरून आठ दिवस अबोला झालेला मी पाहिला आहे. होडी घरून निघायची एका दिशेला, नजरेआड झाली की वळायची दुसरीकडे. त्या सात गाठी म्हणजे एका घराचं मिळवतं हत्यार आहे. ते त्यांनी तुमच्या कापडावर का ठेवलं असेल, याचा विचार केलात का? मला वाटतं, पुढे चालवायला त्यांना कोणी नसेल. कुठेतरी ते उतरवून ठेवावं असं वाटलं असेल, आणि नेमकी तुम्ही सुई घेऊन बसला होतात. हे चुकीचं असेल तर माफ करा. पण उसवण्याआधी त्यांना एकदा विचारा, की हे कोणासाठी शिवलं होतं.

दुसरी गोष्ट अगदी साधी. इथे कोणाच्याच ध्यानात आली नाही म्हणून सांगते. शिडाचं कापड आहे. उसवलं तरी तीनधारी सुईची भोकं राहतात. दोरा काढाल, पण जागा तिथेच दिसत राहील, उलट जास्तच उठून दिसेल.

पुळण

वरच्या दोघांनी सांगितल्यावर माझं फार उरत नाही. फक्त विक्रीबद्दल.

जपानच्या सेतोउची समुद्रातल्या बेटांवर 2010 पासून दर तीन वर्षांनी कलामहोत्सव भरतो. मी एकदा जाऊन आले. तेशिमा बेटावर पाण्याच्या थेंबासारखी एक पांढरी वास्तू आहे, कलाकार रेई नाइतो आणि वास्तुरचनाकार र्युए निशिझावा यांची. आत एकही खांब नाही, छताला दोन मोठी मोकळी तोंडं, आणि जमिनीतून पाण्याचे थेंब उमटून आपापल्या वाटेने घरंगळत जातात. तासभर मी हललेसुद्धा नाही. त्याच बेटावर वर्षानुवर्षं कारखान्यांचा कचरा बेकायदा आणून टाकला गेला होता आणि तिथल्या लोकांनी तो हटवण्यासाठी पंचवीस वर्षं झगडा दिला, हेही मला तिथेच कळलं. मला दोन्ही एकत्र आठवतं. वास्तू पाहून परत जाणाऱ्या बोटीत मात्र त्या झगड्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. काम देखणं असलं की त्याच्या मागचे लोक दिसेनासे होतात. तुमच्या शिडाचं संग्रहालयाच्या भिंतीवर हेच होईल अशी मला भीती वाटते.

पैशाबद्दल फोगोकडेच पुन्हा पाहा. 1992 मध्ये कॉड माशाची मासेमारी बंद झाल्यावर तो किनारा कोलमडला. तिथेच वाढलेल्या झीटा कॉब यांनी पुढे शोरफास्ट ही धर्मादाय संस्था उभी केली. तिने कलाकारांसाठी खडकांवर खांबांच्या आधाराने उभे असलेले स्टुडिओ बांधले, 2013 मध्ये मुक्कामाचं हॉटेल काढलं. हॉटेलचा नफा कोणाच्या खिशात जात नाही, बेटाच्याच कामाला लागतो. कलाकार येतात, काही महिने राहतात, जातात. मालकी तिथेच राहते. तुमचं शीड त्या मानाने लहान आहे, पण ते मुळात कोणाचं, हे विकण्याआधी ठरायला हवं.

किनारवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. बेटकरी, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. सहा आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण मधल्या काळात आम्ही शीड बेटावर नेलं. संग्रहालयाला थांबायला सांगितलं. संकेतस्थळावरचं चित्र उतरवलं, पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती परत मागवल्या.

शीड पुन्हा त्याच व्हरांड्यात पसरलं. काका, मावशी, शाळेच्या बाई आणि आणखी दहा-बाराजण जमले. मी काकांना विचारलं, कोणासाठी शिवलं होतं. ते बराच वेळ शिडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, मुलगा शहरात नोकरीला आहे, तो काही परत यायचा नाही. त्यांना वाटलं होतं की निदान नात शाळेत जाता-येता बघेल. शीड शाळेतच राहणार अशी त्यांची समजूत होती. दहा आठवड्यांत आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की ते शहरात जाणार. कागदावर "प्रदर्शन" असा शब्द होता, आणि त्यांच्या लेखी व्हरांडा हेच प्रदर्शन होतं. जुनं वल्हं, तुम्ही नेमकं हेच लिहिलं होतं.

त्यानंतर जे झालं ते आमच्या चौघांपैकी कोणाला सुचलं नसतं. काकांनी गाठींना हात लावला नाही. त्यांनी फक्त ते बारीक टाके उसवले, प्रत्येक गाठीचे दोन, एकूण चौदा. मी गोंधळले. तेव्हा त्यांनी समजावलं की शिडावर पाणी काही मापाने शिवलेलं नाही, नुसत्या गाठीवरून कोणीही त्या जागी पोहोचणार नाही. जागा असते ती दोन निशाण्यांच्या जुळणीत. टाकीचं टोक, खडक, खांब, छपराचा कोपरा, हे सांगणारे ते चौदा टाके होते. म्हणजे वर्षभर मी ज्याला रचनेतल्या नाजूक रेघा म्हणत होते, तेच खरं गुपित होतं, आणि गाठी नुसत्या गाठी होत्या. मावशींचा पांढरा दोरा होता तिथेच राहिला.

आता भोकं. बेटकरी, तुमचं बोलणं मी त्यांना सांगितलं. काकांनी मान हलवली, शीड उजेडाकडे धरलं. चौदा रेघांची भोकं स्वच्छ दिसत होती. मग त्यांनी तीच तीनधारी सुई घेतली आणि दोरा न ओवता, पहिल्या गाठीभोवती सगळ्या दिशांना टोचत सुटले. थोड्या वेळाने बाईंनी दुसरी सुई घेतली. मावशी बसल्या. मीही बसले. कापडातून सुई आत जाताना टक् असा आवाज येतो. तो आवाज चारही बाजूंनी, कमी-जास्त, दिवस कलेपर्यंत चालू होता. माझ्या ध्वनिमुद्रक मित्राने यंत्र पिशवीतून काढलंसुद्धा नाही. आता उजेडाकडे धरलं की पाण्याचा सगळा भाग बारीक प्रकाशाच्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो आणि त्यातले काकांचे कुठले ते मलाही ओळखता येत नाहीत.

नातीला चौदा निशाण्या काका तोंडीच शिकवणार आहेत. ती नऊ वर्षांची आहे, आणि तिला होडीत घ्यायला आईची परवानगी मिळाली आहे.

शीड विकायचं नाही असं तिथल्या लोकांनी ठरवलं. मालकी शाळेची. कोणाला प्रदर्शनात लावायचं असेल तर शाळेला पत्र लिहायचं आणि दर वेळी व्हरांड्यात बसून ठरवायचं. आमच्या चौघांतल्या एकाला हे पटलेलं नाही. त्याचं वर्षभराचं काम होतं आणि विक्रीच्या पैशाची त्याला गरजही होती. त्याच्याशी बोलणं चालू आहे.

अनोळखी होड्या अजून येतात. पहिल्यापेक्षा कमी, पण येतात. त्याचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

रेघोट्या, तुम्हाला एक विचारायचं आहे. शाळेत दमट खारा वारा थेट आत येतो. शीड ठेवायचं कसं? सध्या घडी करून कपाटात आहे.

रेघोट्या

मी चुकलो होतो, हे आधी लिहितो. टाके आणि गाठी यांतला फरक मलाही दिसला नसता.

घडी आजच मोडा. घडीच्या रेषेवर धागे तुटतात, आणि आता तर भोकांमुळे कापड आणखी नाजूक झालं असेल. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची मोठी नळी घ्या, जितकी रुंद तितकी चांगली. तिच्यावर आधी धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड गुंडाळा, मग शीड शिवलेली बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळत जा, मध्ये तसंच सुती कापड घाला. गाठी उंच असल्याने त्यांच्या आजूबाजूला कापडाच्या मऊ घड्या द्या, म्हणजे पुढच्या वेढ्यावर वळ उठणार नाही. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडून बुरशी येते. नळी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. दोन टोकांना आधार देऊन अधांतरी ठेवा. कोरड्या वाऱ्याचा दिवस बघून दर दोन-तीन महिन्यांनी उलगडा, तासभर सावलीत पसरा, पाठीमागून मऊ ब्रशने हलकेच झाडा.

डांबराच्या सुतळीचा डाग शेजारच्या कापडावर उतरू शकतो. सातही गाठींखाली आणि वर पातळ सुती चौकोन ठेवत जा. नुसते ठेवा, चिकटवू किंवा शिवू नका. काही अडलं तर इथेच विचारा, मी रोज बघतो.